रात्री चेहरा दिसणारा कॅमेरा कसा निवडायचा

दुकानात जाऊन कॅमेऱ्याचा भाव विचारण्याआधी एक रात्र जागा. रात्री साडेअकराला एकदा आणि पहाटे तीनला एकदा, कॅमेरा जिथे लावायचा आहे तिथे जाऊन पाच मिनिटं उभे राहा. साडेअकराला आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीच्या गल्लीत शोरूमच्या पाट्या चालू असतात, समोरच्या मेडिकलचा उजेड अर्ध्या रस्त्यापर्यंत आलेला असतो, गाड्यांची ये-जा असते. पहाटे तीनला यातलं काहीच नसतं. आणि तुम्हाला कॅमेरा हवा आहे तो पहाटे तीनसाठी.

हे मी नुकसान सोसून शिकलो. शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग मशिन. काही वर्षांपूर्वी एका रात्री गनमेटलच्या बुशांचं पोतं आणि पितळेचं भंगार गेलं. चार कॅमेरे होते. सकाळी फुटेज बघायला निम्मी गल्ली ऑफिसात जमली. माणूस सरळ कॅमेऱ्याकडे बघत आत आला, आणि मानेच्या वर चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा गोळा, दिवाच पेटवून ठेवल्यासारखा. शर्ट पांढरा दिसत होता म्हणून आम्ही पोलिसांना पांढरा शर्ट सांगितला. पानपट्टीवाल्याने त्याला संध्याकाळी घुटमळताना पाहिलं होतं, तो म्हणाला, "आवो मालक, काळा शर्ट हुता की." गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत होतो. ते कसं, पुढे येईलच.

त्यानंतर एक सोडून आमचे कॅमेरे बदलले, मग मेहुण्याच्या दुकानाचे, मग गल्लीतल्या दोघांचे. आता पै-पाहुण्यांत कुणाला कॅमेरा घ्यायचा असला की फोन मला येतो. त्यांना जे सांगतो तेच क्रमाने लिहितो.

रात्रीची पाहणी

कागदावर जागेचा वेडावाकडा नकाशा काढा. उजेड कुठून येतो, त्यातला कुठला तुमच्या हातात आहे आणि कुठला दुसऱ्याच्या, हे लिहा. रस्त्यावरच्या खांबावरचा दिवा हिशेबात धरू नका. तो आज आहे, पावसाळ्यात आठवडाभर नसतो. समोरच्या दुकानाची पाटी म्हणजे समोरच्याची मर्जी.

मग हे बघा की येणाऱ्या माणसाच्या तोंडावर उजेड पडतो की पाठीवर. दिवा त्याच्या मागे असेल तर कितीही महागडा कॅमेरा तुम्हाला काळी आकृती दाखवणार. गाड्यांचे हेडलाइट कुठल्या बाजूने थेट येतात तेही टिपून ठेवा. आणि टेप घेऊन अंतर मोजा: कॅमेऱ्याच्या जागेपासून गेट किती मीटर, शटर किती, गाडी लावायची जागा किती. अंदाज नको. अंधारात आपला अंदाज हमखास चुकतो.

उजेड जोखायची माझी पद्धत साधी आहे. हातात वर्तमानपत्र धरायचं. मोठा मथळा वाचता आला तर चांगल्या कॅमेऱ्याला तिथे रंगीत चित्र मिळायची आशा आहे. आपलाच हात नीट दिसत नसेल तर उजेडसुद्धा विकत घ्यावा लागेल. मोबाईलचा नाइट मोड लावून फोटो काढू नका, तो दोन-तीन सेकंद उजेड गोळा करून खोटा दिलासा देतो. साधा व्हिडिओ घ्या.

काय बघायचंय ते आधी ठरवा

"सगळं दिसलं पाहिजे" असं सगळेच म्हणतात. तसा एकही कॅमेरा नसतो. कुणीतरी आलंय एवढं कळणं वेगळं, आलेला माणूस आपल्या ओळखीचा आहे हे कळणं वेगळं, आणि पूर्ण अनोळखी माणसाचा चेहरा पोलिसांना दाखवण्याइतका स्पष्ट मिळणं अगदी वेगळं. या कामात बरीच वर्षं वापरात असलेलं एक आंतरराष्ट्रीय मोजमाप आहे, आयईसी ६२६७६-४ या मानकातलं: चित्रातल्या एका मीटर रुंदीला किती पिक्सेल, म्हणजे चित्र बनवणारे बारीक ठिपके, मिळतात. कुणीतरी आहे हे कळायला २५, ओळखीचा ओळखायला १२५, अनोळखी माणसाची ओळख पटवायला २५०.

आता हिशेब घाला. २ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं. त्याला २५० ने भागलं की साधारण पावणेआठ मीटर येतात. म्हणजे त्या अंतरावर चित्रात पावणेआठ मीटरपेक्षा जास्त रुंदीची जागा मावत असेल, तर अनोळखी चेहरा विसरा. ४ मेगापिक्सेलला हीच रुंदी सव्वादहा मीटर होते.

किती रुंदी मावणार हे लेन्स ठरवते. बाजारात गेलात की न विचारता २.८ मिलिमीटरची लेन्स हातात पडते, कारण तिच्यात शंभर अंशांहून जास्त कोन मावतो, अख्खी गल्ली पडद्यावर येते आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण २ मेगापिक्सेलवर ती लेन्स चेहऱ्याची ओळख देते ती जेमतेम तीन मीटरपर्यंत. ४ मिलिमीटरची साडेचार मीटरच्या आसपास, ६ मिलिमीटरची आठ मीटरच्या आसपास. हे आकडे लख्ख उजेडातले. रात्री त्यातून आणखी कापून धरा.

आमच्या चोराचं हेच झालं होतं. गेट नऊ मीटरवर, लेन्स २.८ ची. गेटपाशी तो मुंगीएवढा, आणि जवळ आल्यावर पांढरा गोळा.

म्हणून माझा सल्ला असा: आवारावर नजर ठेवायला एक रुंद लेन्सचा कॅमेरा, आणि ज्या एका जागेतून माणसाला यावंच लागतं तिथे, म्हणजे गेट, जिना, बोळाचं तोंड, फक्त तेवढ्यावर रोखलेला ६ मिलिमीटरचा किंवा लेन्स कमी-जास्त करता येणारा, २.८ ते १२ चा व्हेरिफोकल कॅमेरा. असे दोन नीट लावले तर सगळीकडे फिरवलेल्या सहांपेक्षा जास्त कामाला येतात.

मग मेगापिक्सेल वाढवले की झालं, असं वाटेल. दिवसा खरं आहे. रात्री मात्र तांबड्या रश्शाचं पातेलं तेवढंच आणि पंगत दुप्पट, अशी गत होते. कॅमेऱ्यातला सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, त्याच मापाचा ठेवून त्यावर २ ऐवजी ८ मेगापिक्सेल बसवले तर एकेका पिक्सेलच्या वाट्याला चौथाई उजेड येतो, आणि चित्रात मुंग्या वळवळायला लागतात. अंधाऱ्या जागी मोठ्या सेन्सरचा ४ मेगापिक्सेल कॅमेरा लहान सेन्सरच्या ८ मेगापिक्सेलला सहज मागे टाकतो.

आयआर की पांढरा उजेड

रात्रीचे कॅमेरे ढोबळमानाने दोन जातींचे. पहिली जात आयआरवाली, म्हणजे आपल्या डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड उजेड स्वतःच टाकणारी. अंधार पडला की आत बारीक "टक्" असा आवाज होतो. सेन्सरपुढे दिवसभर असलेली आयआर अडवणारी काच बाजूला सरकते, चित्र काळं-पांढरं होतं. बहुतेक कॅमेऱ्यांत ८५० नॅनोमीटरचे एलईडी असतात, ते अंधारात बारीक लाल निखाऱ्यासारखे दिसतात. ९४० चे अजिबात दिसत नाहीत, पण त्यांचा पल्ला बराच कमी पडतो. घर-दुकानाला ८५० च बरे. कॅमेरा आहे हे चोराला दिसलं तर बिघडलं कुठे?

आता त्या शर्टाची गोष्ट. आयआरमध्ये रंग नसतात, कापड आयआर किती परतवतं तेवढंच दिसतं. बरेचसे काळे सिंथेटिक कपडे आयआर भरपूर परतवतात, म्हणून पडद्यावर ते पांढरट दिसतात. झाडाच्या पानांचंही तेच. करवीर तालुक्यात मेहुण्यांच्या रानात कॅमेरा लावला तेव्हा पहिल्या रात्री त्यांचा फोन आला, "दाजी, उसावर बर्फ पडलाय काय?" हिरवागार ऊस आयआरमध्ये असाच पांढराशुभ्र दिसतो. तेव्हा काळ्या-पांढऱ्या फुटेजवरून कुणाच्या कपड्याचा किंवा गाडीचा रंग ठामपणे सांगू नका.

आणि पांढरा गोळा? उजेडाचा नियम असा की अंतर दुप्पट झालं की त्या जागी पडणारा उजेड चौथाई होतो. खोक्यावर "आयआर ३० मीटर" लिहिलेला कॅमेरा तीस मीटरवर कसाबसा काहीतरी दाखवण्याइतका जोर लावतो. तोच जोर दोन-तीन मीटरवरच्या चेहऱ्यावर पडला की चेहरा जळतो. चांगल्या कॅमेऱ्यात जवळ माणूस आला की आयआर आपोआप मंद करणारी सोय असते, स्मार्ट आयआर म्हणून. आहे का विचारा, आणि मेनूत चालू आहे का तेही बघा. आणि पल्ला गरजेपुरताच घ्या. चार मीटरच्या बोळाला पन्नास मीटरचा आयआर म्हणजे देवघरात हॅलोजन.

दुसरी जात रात्रीही रंगीत चित्र देणारी. त्यात मोठ्या तोंडाची लेन्स असते आणि बहुधा सोबत पिवळसर पांढरा एलईडी. शर्टाचा रंग, गाडीचा रंग, सगळं मिळतं. अडचण अशी की तो दिवा रात्रभर पेटता राहतो, किडे जमतात, आणि जुन्या पेठेतल्या सहा फुटी बोळात तो समोरच्यांच्या झोपायच्या खोलीत पडतो. अलीकडे दोन्ही दिवे असलेले कॅमेरे मिळतात: एरवी आयआर, माणूस दिसला की पांढरा दिवा पेटतो. गेटसाठी मला हेच सगळ्यात पसंत आहेत. अचानक दिवा लागला की माणूस वर बघतो, आणि नेमका तेव्हाच आपल्याला चेहरा मिळतो.

पण खरं सांगू? निम्म्या लोकांना मी नवा कॅमेरा घेऊच देत नाही. गेटच्या खांबाला नऊ वॅटचा एलईडी बल्ब लावायला सांगतो, अंधार पडला की आपोआप लागणाऱ्या सेन्सरसकट. रात्रीचे अकरा तास चालला तरी महिन्याला तीन युनिट. फक्त तो कॅमेऱ्याच्या बाजूला किंवा मागे, येणाऱ्याच्या तोंडावर पडेल असा हवा. कॅमेऱ्यासमोर लटकवला तर होतं त्यापेक्षा वाईट. आमच्या वर्कशॉपात जुन्याच एका कॅमेऱ्याचं चित्र या बल्बने इतकं सुधारलं की तो अजून जागेवर आहे.

माहितीपत्रक वाचताना

विक्रेत्याकडून मॉडेल नंबर घ्या आणि घरी बसून कंपनीचं माहितीपत्रक काढा. खोक्यावरच्या चित्रांना भुलू नका. तीन गोष्टी बघायच्या.

सेन्सरचं माप अपूर्णांकात लिहितात: १/४, १/३, १/२.८, १/१.८ इंच. खालचा आकडा जितका लहान तितका सेन्सर मोठा. १/१.८ चा सेन्सर १/२.८ च्या दुपटीहून जास्त क्षेत्रफळाचा असतो. माहितीपत्रकात सोनीच्या स्टारविस सेन्सरचा उल्लेख असेल तर तो कमी उजेडासाठीच बनवलेला आहे. उल्लेख नाही म्हणजे कॅमेरा वाईट, असं मात्र नाही.

लेन्सचं तोंड एफ आकड्यात असतं, आणि इथेही लहान आकडा चांगला. एफ २.० पेक्षा एफ १.६ मधून दीडपट आणि एफ १.० मधून चौपट उजेड आत येतो. रात्री रंगीत म्हणून विकला जाणारा कॅमेरा एफ २.० चा असेल तर तो दिव्याच्या जोरावर रंगीत आहे, लेन्सच्या नव्हे.

तिसरा आकडा लक्सचा, म्हणजे किती कमी उजेडात दिसतं त्याचा, आणि इथे सगळ्यात जास्त हातचलाखी. पौर्णिमेचं चांदणं म्हणजे पाव लक्सच्या आतबाहेर. खोक्यावर ०.००५ लक्स लिहिलेलं असतं, म्हणजे चांदण्याच्या पन्नासाव्या भागात दिसतं असा दावा. दिसेलही, पण कॅमेऱ्याचं शटर किती वेळ उघडं ठेवून, म्हणजे एकेका चित्रासाठी किती वेळ उजेड गोळा करून? शटर सेकंदाच्या पाचव्या भागापर्यंत उघडं ठेवलं तर उभी भिंत छान दिसते आणि चालता माणूस भुतासारखा विरघळतो. "० लक्स, आयआर चालू असताना" याला तर काहीच अर्थ नाही. दिवा लावल्यावर कुणालाही दिसतं.

दुकानात डेमो मागायचाच असेल तर स्थिर चित्र बघू नका. त्याच मॉडेलचं रात्रीचं, माणूस चालत असलेलं रेकॉर्डिंग मागा आणि चालतानाच चित्र थांबवून चेहरा बघा. लाइव्हपेक्षा रेकॉर्डिंग खरं बोलतं.

समोर काचेचं शोरूम किंवा उजेडाची पाटी असेल तर डब्ल्यूडीआर १२० डीबी लिहिलेला घ्या, तो एकाच चित्रातला लख्ख उजेड आणि अंधार दोन्ही सांभाळतो. नुसतं डीडब्ल्यूडीआर म्हणजे सॉफ्टवेअरची रंगरंगोटी.

कॅमेऱ्याची ठेवण

घुमटाच्या आकाराचा डोम छताखाली, घराच्या आत बरा. बाहेर लावला की त्याच्या काचेवर पावसाचे थेंब, धूळ, बोटांचे ठसे बसतात आणि स्वतःचाच आयआर त्यावर आपटून रात्री चित्र दुधाळ होतं. (बसवणाऱ्याने वरचं पातळ प्लॅस्टिक काढलंय का बघा. दोन घरांत ते वर्षभर तसंच होतं आणि मालक कंपनीला शिव्या घालत होते.) बाहेरच्या जागी नळीसारखा लांबट बुलेट किंवा डोळ्यासारखा दिसणारा टरेट घ्या, आयपी ६६ किंवा ६७ लिहिलेला, म्हणजे पाणी-धूळ आत न घेणारा. मला टरेट जास्त आवडतो, कारण बुलेटच्या टोपीखाली कोळी घर करतो. आयआरभोवती किडे जमतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि जाळ्याचा एक धागा लेन्ससमोर हलला की पडद्यावर पांढरा दोरखंड नाचतो, मोबाईलवर रात्रभर अलार्म. फारच त्रास असेल तर कॅमेऱ्याचा आयआर बंद करून दोन-तीन फुटांवर वेगळा आयआर दिवा लावतात. किडे तिकडे जातात.

तार, वीज आणि हार्ड डिस्क

चित्र आणि वीज वेगवेगळ्या तारांतून नेणारी जुनी ३+१ केबल टाकलेली असेल आणि ती ठणठणीत असेल तर डीव्हीआरच (रेकॉर्डिंग करणारा डबा) ठेवा, नुसते कॅमेरे बदला. नवीन काम असेल तर कॅट ६ ही नेटवर्कची केबल, तिच्यातूनच वीज देणारा पीओई स्विच आणि एनव्हीआर, म्हणजे अशा कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर. एकाच तारेतून वीज आणि चित्र, शंभर मीटरपर्यंत. वायफाय कॅमेरा भाड्याच्या खोलीला ठीक. पेठेतल्या वाड्यांच्या दोन-दोन फुटी दगडी भिंतींपुढे वायफाय हात टेकतं.

इथे एक रोग सांगतो, कारण तो फक्त रात्रीचा आहे. कॅमेरा दिवसभर चालतो आणि संध्याकाळी सात वाजले की बंद-चालू, बंद-चालू. लोक कॅमेराच बदलून आणतात. कॅमेऱ्यात दोष नसतो. अंधार पडला की आयआर पेटतो, विजेची ओढ वाढते, आणि लांबलचक बारीक तारेतून १२ व्होल्ट शेवटपर्यंत पोचत नाहीत. कॅमेरा बंद पडतो, आयआर विझतो, व्होल्ट परत चढतात, कॅमेरा चालू, की पुन्हा आयआर. मीटर लावून कॅमेऱ्याच्या टोकाला रात्री व्होल्ट मोजा. उपाय म्हणजे जाड तार, किंवा कॅमेऱ्याजवळ वेगळा अडॅप्टर, आणि कॅमेऱ्यांना वीज पुरवणारा एसएमपीएस गरजेच्या दीडपट ताकदीचा.

हार्ड डिस्कचा हिशेब तोंडपाठ ठेवा. एच.२६५ वर (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) २ मेगापिक्सेलचा एक कॅमेरा साधारण २ एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला २ मेगाबिटने, रेकॉर्ड केला तर दिवसाला २१.६ जीबी लागतात. चार कॅमेऱ्यांना ८६ जीबी. १ टीबीत अकरा दिवस, २ टीबीत तेवीस. घरचे सगळे मे महिन्यात महिनाभर गावी जाणार असतील तर २ टीबीही अपुरी. आणि डिस्क देखरेखीच्या कामासाठी बनवलेलीच घ्या, जुन्या कॉम्प्युटरची काढून लावू नका. इन्व्हर्टरवर डीव्हीआर, कॅमेरे आणि राउटर तिन्ही घ्या. राउटर विसरला की वीज गेल्यावर मोबाईलवर काहीच दिसत नाही.

डीव्हीआर कुठे ठेवायचा? चोराला पटकन सापडणार नाही तिथे, एवढं सगळे सांगतात. कोल्हापुरात आणखी एक अट: पाण्याच्या वर. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला शाहूपुरी, नागाळा पार्क, व्हीनस कॉर्नर भागात ज्यांचे डीव्हीआर काउंटरखाली होते, त्यांचे पाण्यात गेले. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी पंचगंगेने ओलांडली की दुकानाला कुलूप घालून माणसं निघून जातात, आणि बंद गल्लीत लक्ष ठेवायला नेमका तेव्हाच कॅमेरा हवा असतो. डीव्हीआर आणि इन्व्हर्टर माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर न्या.

बसवणं आणि मेनू

उंची अडीच ते तीन मीटर. बसवणाऱ्याला शिडीच्या शेवटच्या पायरीवर चढून पाच मीटरवर लावायची हौस असते, "वर हाय म्हंजी कोण हात लावणार न्हाई" म्हणून. तिथून चोराचा भांग छान दिसतो. कॅमेरा चेहऱ्याकडे थोडाच खाली झुकलेला हवा. पत्र्याच्या वळचणीला, पांढऱ्या भिंतीला चिकटून लावू नका. आयआर त्या जवळच्या भिंतीवरून परत येतो, कॅमेऱ्याला वाटतं भरपूर उजेड आहे, आणि तो बाकीचं अंगण काळं करून टाकतो.

मेनूत आधी ५० हर्ट्झ किंवा पाल, म्हणजे आपल्याकडच्या विजेशी जुळणारं सेटिंग, निवडा, नाहीतर एलईडी दिव्यांखाली चित्रात पट्टे सरकत राहतात. रात्रीसाठी शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागापेक्षा संथ होऊ देऊ नका. चित्र थोडं काळवंडेल, पण चालता चेहरा फिसकटणार नाही. नॉइज, म्हणजे चित्रातल्या त्या मुंग्या, कमी करणारं सेटिंग पूर्ण चढवलं की चेहरा मेणाच्या पुतळ्यासारखा होतो, ते मध्यावर ठेवा.

गाडीचा नंबर हे वेगळं काम आहे, चेहऱ्याच्या कॅमेऱ्याकडून ते मागू नका. ताशी ३६ किलोमीटरने जाणारी मोटारसायकल सेकंदाला १० मीटर जाते. शटर सेकंदाच्या पंचविसाव्या भागाला असेल तर तेवढ्यात ती ४० सेंटीमीटर सरकलेली असते, नंबरप्लेटीचा नुसता पांढरा फराटा. सेकंदाच्या पाचशेव्या भागाला हीच सरक २ सेंटीमीटरवर येते. शिवाय प्लेट आयआर आरशासारखा परतवते, म्हणून एमएच ०९ च्या जागी कोरा चौकोन दिसतो. नंबर हवाच असेल तर १२ मिलिमीटर किंवा मोठ्या लेन्सचा, वेगवान शटरचा, हेडलाइट दाबणारी एचएलसीची सोय असलेला स्वतंत्र कॅमेरा, रस्त्याच्या शक्य तितका समोर. त्यात बाकी सगळं काळं दिसणार, ते गृहीत धरा.

रानातल्या मोटारीसाठी आणि केबलसाठी सिम कार्डवर चालणारा सोलर कॅमेरा बरेचजण घेतात. बॅटरी वाचवायला तो झोपलेला असतो, हालचाल झाली की जागा होतो, आणि जागा होईपर्यंत एक-दोन सेकंद जातात. म्हणून तो विहिरीवर न लावता विहिरीकडे येणाऱ्या पाणंदीवर लावा. जुलैत आपल्याकडे चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. पॅनल आणि बॅटरी घेताना तो जुलै डोळ्यांसमोर ठेवा, विक्रेता सांगतो तो मार्च नको.

बिल, शेजारी, पोलीस

९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना केंद्राच्या नियमांनुसार सायबर सुरक्षेची चाचणी सक्तीची झाली आहे. पक्कं बिल घ्या, कॅमेऱ्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरो) खूण आणि आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. पहिल्याच दिवशी पासवर्ड बदला. बसवणाऱ्या पोराला पाठ असलेला पासवर्ड त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांना लावलेला असतो.

शेजाऱ्यांचं दार-खिडकी चित्रात येत असेल तर मेनूतून तेवढा भाग काळा झाकता येतो. झाका, आणि जाऊन सांगा. शिवाजी पेठेत एका ठिकाणी मी समोरच्या काकूंना मोबाईलवर दाखवायला गेलो.

"काकू, हे बघा, तुमचं दार झाकून टाकलंय."

"बरं केलंस. आणि आमची गाडी दिसती का त्यात?"

"गाडी दिसते."

"मग ऱ्हाऊ दे. तेवढी दिसू दे की."

चोरी झालीच तर पडद्याचा मोबाईलने व्हिडिओ काढून गटावर टाकण्यात वेळ घालवू नका. आधी डीव्हीआरचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे आहे ते लिहून ठेवा, मग मूळ फाईल पेनड्राइव्हवर घ्या, डिस्कवर नवं रेकॉर्डिंग चढायच्या आत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली अशा फुटेजसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, फाईलच्या हॅश आकड्यासह, म्हणजे फाईल बदलली की बदलणाऱ्या ओळख-आकड्यासह. ते कसं करायचं हे तपास करणारे सांगतात. फाईलला कात्री लावलेली नसावी, ते तुमच्या हातात आहे.

अमावास्येची तपासणी

बसवणाऱ्याला पैसे दिवसा देऊ नका, निदान सगळे देऊ नका. रात्र होऊ द्या. घरातल्या कुणाला तरी गेटमधून आत यायला सांगा: एकदा चालत, एकदा पळत, एकदा टोपी घालून मान खाली घालून. मग रेकॉर्डिंग लावा, चित्र थांबवा, आणि त्या माणसाला न ओळखणाऱ्या शेजाऱ्याला नंतर चार चेहरे दाखवून विचारा यातला कोण. आपल्याला आपलाच माणूस पाठीवरूनही ओळखू येतो, ती परीक्षा धरायची नाही.

आमच्या वर्कशॉपात दर अमावास्येला मशिनला नारळ फुटतो. वडिलांपासूनची रीत. हल्ली त्याच संध्याकाळी मी शिडी लावतो. उद्यमनगरात फौंड्रीची काळी भुकटी आणि मशिनच्या ऑइलचा वाफारा काचेवर महिनाभरात चिकट थर चढवतात, तो मऊ फडक्याने पुसतो, कोळ्याचं जाळं ब्रशने काढतो, आणि खाली येऊन आदल्या रात्रीचं पहाटे तीनचं रेकॉर्डिंग लावून बघतो. चंद्र नसतो, गल्ली झोपलेली असते. मागच्या अमावास्येला तीन वाजून दहा मिनिटांनी गेटमधून एक कुत्रं आत आलं, लेथखाली जाऊन झोपलं. कानावरची जखम दिसत होती.